पिकाआधीचा उंचवटा

नोकरीची एकतीस वर्षं मी एका उंचवट्याकडे बघण्यात काढली. यंत्रातून कागद सरकत बाहेर यायचा. त्यावर आधी बराच वेळ सपाट रेघ, मग एक बुटकी टेकडी, आणि तिच्या पाठोपाठ उभा सुळका. सुळका म्हणजे औषध. टेकडी म्हणजे त्याच औषधाचे एकमेकांना चिकटून झालेले गोळे. औषध सर्पदंशावरचं, घोड्याच्या रक्तातून काढलेलं. या सुळक्याला इंग्रजीत पीक म्हणतात, आणि प्रयोगशाळेत आम्ही मराठी बोलतानाही पीकच म्हणायचो. एका दिवाळीला घरी आले असताना मी वहिनीला सांगत होते, की या खेपेला पीक चांगलं आलं, पण आधी जरा उंचवटा आहे. बा ओसरीवर बसला होता. तिथूनच म्हणाला, "उंचवटा असन तर बांधीत पानी कसा थांबन? सपाट करून घे." कंपनी मला पगार त्याचाच देत होती.

गाव मार्कंड्यापासून दोन कोसांवर, चामोर्शी तालुक्यात. वैनगंगा वरून दक्षिणेला वाहत येते आणि मार्कंड्याला वळसा घेऊन उत्तरेकडे तोंड करते, म्हणून ते तीर्थ. काठावर कोरीव दगडी देवळांचा जथा आहे. गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते ती: मार्कंडेयाला आयुष्य सोळा वर्षांचं, यम फास घेऊन आला, पोरानं पिंडीला मिठी मारली, आणि देवानं यमाला परत धाडलं. आमच्या भागात साप चावलेल्या माणसाला आधी पुजाऱ्याकडे नेत, मग देवाच्या पायरीवर, आणि उरलाच तर दवाखान्यात. ज्या देवानं मरण परतवलं त्याच्याच दारात राहणारी माणसं, दुसरं काय करतील?

१९७४ च्या पावसाळ्यात माझा धाकटा काका गेला. मी तेव्हा सोळा वर्षांची, म्हणजे मार्कंडेयाच्याच वयाची. काका जमिनीवर वाकळ टाकून झोपला होता. पहाटे पोटात दुखतं म्हणून उठला. आईनं ओवा दिला. अंगावर कुठे सूज नाही, दाताची खूण नाही. उजाडल्यावर म्हणाला, "वैनी, डोरे उघडत नाही." आमच्याकडे डोळ्याला डोरा म्हणतात. मग आवाज नाकातून येऊ लागला, लाळ गिळता येईना. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, तो झाला १९८२ च्या ऑगस्टात. मोठा दवाखाना चंद्रपूरला, आणि मध्ये वैनगंगा दुथडी. ढिवरानं डोंगा घालायला साफ नकार दिला, आणि त्याचं बरोबरच होतं. दुपारपर्यंत श्वास थांबला. साप कुणी पाहिलाच नाही, त्यामुळे गावानं करणी ठरवून टाकली. ती मण्यार होती, पापण्या मिटणं आणि पोटदुखी हीच तिची खूण, हे मला कळलं ते नागपूरला एम.एस्सी. करून मुंबईत कामाला लागल्यावर.

असाच एक पूर या औषधाच्या मुळाशी आहे. १८९१ मध्ये आजच्या व्हिएतनामच्या दक्षिण टोकाला, बाक ल्यूच्या बाजूच्या एका गावात पुराच्या पाण्याबरोबर नाग शिरले. चाळीसेक जणांना चावले, किमान चार मेले. कुणीतरी त्यातले जिवंत नाग पिंपात भरून सायगावला पाठवले. तिथे पाश्चर संस्थेची नवी प्रयोगशाळा काढून बसला होता आल्बेर काल्मेत हा तरुण फ्रेंच डॉक्टर. आदल्याच वर्षी, १८९० मध्ये, बर्लिनला बेहरिंग आणि कितासातो यांनी दाखवलं होतं की धनुर्वाताचं विष थोडं थोडं टोचलेल्या जनावराच्या रक्तात त्या विषाचा उतारा तयार होतो, आणि तो उतारा दुसऱ्या जनावराला देता येतो. काल्मेतनं तेच नागाच्या विषाचं करून पाहिलं, आणि फ्रान्सला परतल्यावर, १८९५ च्या सुमारास, घोड्यांपासून सीरम काढायला लागला. त्याचा समज होता की नागाचं सीरम सगळ्या सापांवर चालेल. हा समज खोटा ठरवण्यात हिंदुस्थानात काम करणाऱ्यांचा वाटा मोठा. भारतीय वैद्यकीय सेवेतल्या जॉर्ज लँब यांनी दाखवलं की ते सीरम घोणशीच्या विषापुढे हात टेकतं. मग कसौलीच्या संस्थेत नाग आणि घोणस दोघांचं विष टोचून सीरम काढणं सुरू झालं.

मुंबईची गोष्ट प्लेगपासून सुरू होते. वाल्डेमार हाफकिन १८९६ मध्ये प्लेग बघायला आले, १० जानेवारी १८९७ ला त्यांनी स्वतःलाच लस टोचून घेतली, आणि १० ऑगस्ट १८९९ ला परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली. १९२५ पासून तिला त्यांचं नाव आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चौघांवर मिळून एकच सीरम, ही आजही आपल्या दवाखान्यात असते ती बाटली, हे मोठ्या अंशी परळचं काम. तिथल्या डॉ. पी. जे. देवरस यांनी साप पाळून, त्यांचं विष काढून, कोणता साप किती विष देतो याच्या नोंदी ठेवल्या. १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टनं छापलेलं त्यांचं भारतीय सापांवरचं इंग्रजी पुस्तक आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात होतं. त्याची पानं इतकी हाताळलेली होती, की मण्यारीचं पान सुटं होऊन कुणाच्या तरी खिशातून गेलं, ते गेलंच.

घोडे पुण्याच्या बाजूला. हाफकिनचे पिंपरीला. सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढली त्याची सुरुवातही इथूनच: त्यांच्या स्टडफार्मवरचे म्हातारे घोडे हाफकिनला सीरमसाठी जात, मग आपणच का काढू नये. आमच्या कंपनीचे घोडे मी पहिल्यांदा पाहिले ते १९८५ मध्ये. घोड्यांना नावं नव्हती, नंबर होते. अठ्ठेचाळीस नंबरचा एक पांढरा घोडा सुई टोचायच्या आधीच मान वाकडी करून उभा राहायचा. विष अगदी सूक्ष्म मात्रेपासून वाढवत न्यायचं, काही महिन्यांनी मानेच्या शिरेतून रक्त घ्यायचं, तांबड्या पेशी खाली बसवून परत घोड्याला द्यायच्या, आणि वरचं पिवळं पाणी तेवढं ठेवायचं. त्या पाण्यात आपल्याला हवा तो उतारा असतो, आणि सोबत घोड्याचं बाकी सगळं असतं.

खरं दुखणं त्या 'बाकी सगळं'चं. सुरुवातीची सीरमं म्हणजे घोड्याच्या रक्तातलं पाणी जसंच्या तसं. माणसाच्या शरीराला ते परकं. आठ-दहा दिवसांनी ताप, सांधेदुखी, अंगभर गांधी. व्हिएन्नाच्या फॉन पिर्के आणि शिक यांनी १९०५ मध्ये या आजाराचं वर्णन केलं आणि त्याला सीरमचाच आजार असं नाव दिलं. त्यानंतरचा या धंद्याचा इतिहास म्हणजे पाखडण्याचा इतिहास आहे. आधी मिठानं: अमोनियम सल्फेट घातलं की एकेका मर्यादेला एकेक प्रथिन खाली बसतं. मग कापण्यानं: वेलकम प्रयोगशाळांमधल्या सी. जी. पोप यांनी १९३०च्या दशकाच्या शेवटी आम्लात पेप्सिन घालून सीरम पचवलं. पेप्सिन म्हणजे आपल्या पोटातलंच पाचक, बाजारात डुकराच्या जठरातून येतं. त्यानं नको असलेली पुष्कळ प्रथिनं फुटतात. प्रतिपिंडाचा, म्हणजे त्या उताऱ्याचा, मात्र एक भाग तुटतो आणि कामाचा भाग शाबूत राहतो.

प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा, किंवा आपल्या दुबेळक्यासारखा म्हणा, गुलेरीला लागतो तसा. वरचे दोन फाटे विषाला पकडतात, खालचा दांडा शरीराच्या संरक्षण-व्यवस्थेला हाका मारतो. सापाच्या विषासाठी दांड्याची काही गरज नसते, आणि घोड्याच्या दांड्यानं माणसाच्या शरीरात हाका मारल्या की गोंधळ होतो. पेप्सिन नेमका दांडा तोडतं. पोपना यातलं काही माहीत नव्हतं हं. रचना कळली ती १९५९ नंतर, रॉडनी पोर्टर यांनी पपईच्या चिकातल्या पपेननं प्रतिपिंडाचे तीन तुकडे केले तेव्हा. पोर्टर आणि एडलमन यांना त्याबद्दल १९७२ चं नोबेल मिळालं. अख्ख्या प्रतिपिंडाचं वजन दीड लाख डाल्टन, दांडा तोडल्यावर एक लाख दहा हजारांच्या आसपास, आणि एकच फाटा उरला तर पन्नास हजार. मग कारखान्यापुढे साधा प्रश्न असतो: आज पिंपात टाकलेल्या मालातलं किती कापलं गेलं, किती अख्खं राहिलं, आणि किती कापून-तापवून एकमेकांना चिकटलं? डोळ्यांना तिन्हींचं पाणी सारखंच दिसतं.

म्हणजे आकारानं वेगळं करता आलं पाहिजे.

हे जमायला जगाला चाळीसेक वर्षं लागली. स्वीडनमधलं उप्साला गाव या कामाचं मार्कंडा म्हणायला हरकत नाही, ज्याला त्याला तिथेच जावं लागलं. स्वेडबर्गनी १९२०च्या दशकात प्रचंड वेगानं फिरणारं अपकेंद्री यंत्र बांधलं. त्यात मोठा रेणू आधी तळाला जातो. तिथेच टिसेलियस आणि अमेरिकेहून आलेला काबाट यांनी १९३९ मध्ये सशाचं सीरम विजेच्या प्रवाहात वेगवेगळ्या पट्ट्यांत पांगवलं. मग त्यातले प्रतिपिंड काढून घेऊन तेच सीरम पुन्हा पांगवलं. चौथा, गॅमा म्हणतात तो उंचवटा खाली बसला. प्रतिपिंड कुठे राहतात याचा पहिला पत्ता असा मिळाला, एका बसक्या झालेल्या उंचवट्यानं. माझ्या कामाला मी कंटाळले की हे आठवायचे.

पण ती यंत्रं खोलीएवढी. स्वस्त उपाय निघाला पिठातून. लंडनच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या लेथ आणि रुथव्हेन यांनी १९५५-५६ मध्ये पाण्यात फुगवलेलं मक्याचं स्टार्च काचेच्या नळीत भरलं, वरून मिश्रण सोडलं, आणि पाहिलं की मोठे रेणू आधी खाली येतात, लहान मागून. १९५९ मध्ये उप्सालाच्या पोरात आणि फ्लोडिन यांनी स्टार्चच्या जागी डेक्स्ट्रानचे मणी वापरले आणि बाजारात सेफाडेक्स आलं. डेक्स्ट्रान म्हणजे साखर कारखान्यात रसाला जिवाणू लागले की जो बुळबुळीत चिकट थर धरतो, तोच पदार्थ. कारखान्यावाले त्याला शिव्या घालतात.

मोठं आधी, लहान नंतर. नव्या मुलांना मी हे शिकवायचे तेव्हा त्यांची पहिली हरकत हीच. चाळणीत तर बारीक आधी खाली पडतं, मॅडम. मग मी त्यांना महाशिवरात्रीच्या जत्रेला न्यायचे, म्हणजे गोष्टीतून. चामोर्शीकडून मार्कंड्याला येणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना दुकानं लागतात: बांगड्या, फुगे, जिलबी, पाळणे, प्लॅस्टिकची खेळणी. एकाच वेळी रस्त्यावर सोडा शंभर म्हातारेकोतारे आणि शंभर पोरं. म्हाताऱ्यांना कुठल्या दुकानात शिरायचं नसतं, ते मधल्या वाटेनं सरळ देवळात. पोरगं प्रत्येक पालात शिरतं, मागच्या बाजूनं निघतं, पुढच्यात शिरतं. चालण्याचा वेग दोघांचा सारखाच, पण देवळाशी म्हातारे आधी पोचतात आणि पोरं तासाभरानं. मण्यांना सूक्ष्म भोकं असतात. बारीक रेणू त्या भोकांत रेंगाळतात. मोठ्याला भोकात शिरताच येत नाही, तो बाहेरूनच वाहून जातो. आणि हात धरून, घोळका करून निघालेल्या बायका? त्या तर कुठल्याच पालात मावत नाहीत, त्या सगळ्यांच्या आधी. तेच ते गोळे. तोच मुख्य पिकाआधीचा उंचवटा.

पहिली तीन वर्षं मी काचेच्या नळीवर काम केलं. नव्वद सेंटिमीटर उंच, अडीच सेंटिमीटर रुंद. सेफाडेक्सची जी-२०० नावाची जात, पांढरी भुकटी, ती पाण्यात फुगायला तीन दिवस लागायचे. घाई असेल तर उकळत्या पाण्याच्या भांड्यात पाच तास. मग तिची पेज नळीत एका दमात ओतायची, मध्ये थांबलात तर थर पडतो आणि नळी वाया. हवेचा एक बुडबुडा अडकला तरी वाया. वर पाण्याची बाटली टांगायची, तीही फार उंच नाही, कारण हे मणी इतके लुसलुशीत की वरून जोर पडला की दबून वाट बंद. हे सगळं शीतखोलीत, स्वेटर घालून, मुंबईच्या मे महिन्यात. भरलेली नळी बरोबर आहे का ते बघायला आधी निळं डेक्स्ट्रान सोडायचं. ते वीस लाख डाल्टनचं, कुठल्याच भोकात न मावणारं. निळ्या रंगाची सपाट चकती न फाटता सरळ खाली उतरली की छातीवरचं ओझं उतरायचं. एकदा ती तिरकी उतरली आणि माझ्या साहेबांनी न बोलता नळी धुवायच्या मोरीत उपडी केली. तीन दिवस गेले. मी रडले नाही, पण जेवलेही नाही.

एक नमुना उतरायला एक दिवस आणि एक रात्र. खाली फिरत्या चकतीवर परीक्षानळ्या, थेंब पडत राहायचे. सकाळी प्रत्येक नळीतलं पाणी जांभळ्यापलीकडच्या प्रकाशात, २८० नॅनोमीटरला वाचायचं आणि आलेख कागदावर पेन्सिलीनं ठिपका द्यायचा. ठिपके जोडले की टेकडी, सुळका, आणि शेवटी मिठाचं शेपूट. तोवर तो माल कारखान्यातून पुढे सरकलेला असायचा, हा यातला विनोद.

१९८८ मध्ये एचपीएलसी नावाचं यंत्र आलं. पोलादी नळी जेमतेम फूटभर, आतून पाऊण सेंटिमीटरहून जरा जास्त, मण्यांऐवजी भोकं असलेली कठीण सिलिका, जी दाबाखाली चिरडत नाही. पंप लावला की अर्ध्या तासात सगळं उरकायचं. तेराव्या-चौदाव्या मिनिटाच्या आसपास गोळे, सतराव्याच्या सुमाराला औषध, चोविसाव्याला मीठ. आता तर सिलिकेचे कण याहूनही बारीक झालेत आणि पाच-दहा मिनिटांत काम होतं. स्वेटर घरी गेला. खरं सांगायचं तर मला काही दिवस चुकल्यासारखं झालं. निळी चकती डोळ्यांनी उतरताना दिसायची, पोलादी नळीत काहीच दिसत नाही, कागद म्हणेल ते खरं.

कागद खोटंही बोलतो. हे मला १९९० मध्ये कळलं आणि त्याची लाज अजून आहे. नळीतून वाहणाऱ्या द्रावणात मीठ जास्त असलं की पंपाच्या रबरी चकत्या लवकर खराब होतात, म्हणून मी मीठ निम्म्यावर आणलं. काय आश्चर्य, उंचवटा जवळजवळ नाहीसा! साहेब खूष. कारखान्यातले लोक येऊन कागद बघून गेले. तीन आठवडे आमचं औषध कधी नव्हे इतकं शुद्ध होतं. चौथ्या आठवड्यात सुट्टीवर गेलेल्या एका सहकाऱ्याचं काम माझ्याकडे आलं, त्यात नळी धुवायची होती. मी जोरकस मिठाचं पाणी सोडलं आणि सुई कागदाबाहेर गेली. तीन आठवड्यांचे गोळे त्या एका धुण्यात बाहेर आले. मीठ कमी पडल्यावर ते सिलिकेला चिकटून बसत होते आणि नळीतून बाहेरच पडत नव्हते. म्हणजे जत्रेतल्या त्या घोळक्यातल्या बायका रस्त्यातच कुठल्यातरी मांडवात बसल्या होत्या, आणि मी देवळाच्या दारात उभी राहून सांगत होते की आज घोळका आलाच नाही. सुरुवातीलाच एकूण क्षेत्रफळ मोजलं असतं, आत किती टाकलं आणि बाहेर किती आलं, तर पहिल्या दिवशी कळलं असतं. माल कोठारातच होता, तो परत तपासला. त्या दिवसापासून मी शिखराकडे नंतर बघते, आधी बेरीज करते.

१९९३ च्या कापणीत दादाला साप चावला. धान कापताना बांधीतच, घोट्याच्या वर. घोणस, आमच्याकडे परड म्हणतात तो. या वेळी साप दिसला होता, रस्ता होता, एकाची जीप होती. मी गावातच होते, सुट्टीवर. दवाखान्यातला डॉक्टर वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. त्यानं कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि ती नळी खिडकीत ठेवून घड्याळाकडे बघत बसला. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. घोणशीचं विष रक्ताचं गोठणं मोडतं, त्याची ही बिनपैशाची परीक्षा.

बाटल्या कपाटातून निघाल्या. लेबल आमच्याच कंपनीचं. दुसरी बाटली अर्धी जाते तोच दादाला हुडहुडी भरली, मानेवर गांधी उठल्या, नाडी पातळ झाली. डॉक्टरनं सलाईन थांबवलं, अॅड्रिनॅलिन टोचलं, आणि त्याचा हात थरथरताना मी पाहिला. तासाभरानं पुन्हा हळूहळू सुरू केलं. दहा बाटल्या लागल्या. हा आकडा कुठून येतो तो हिशेब सोपा आहे: एक मिलिलिटर औषध घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष मारतं, नागाचंही तेवढंच, मण्यार आणि फुरशाचं ०.४५. घोणस एका चाव्यात सरासरी साठ-त्रेसष्ट मिलिग्रॅम सोडते. दहा मिलिलिटरच्या दहा बाटल्या म्हणजे साठ. रात्री बाहेर बाकावर डॉक्टर मला म्हणाला, "ताई, मला सापापेक्षा या बाटलीची जास्त भीती वाटते. एकट्यानं सांभाळायचं म्हणजे... मी निम्मे पेशंट एक बाटली देऊन पुढे पाठवून देतो." पुढे म्हणजे आणखी दोन तास. त्या दोन तासांत किती जात असतील हे त्यालाही माहीत होतं.

मी लेबलावरचा बॅच नंबर हातावर लिहून आणला. मुंबईला परतल्यावर फाइल काढली. उंचवटा होता, आमच्या तेव्हाच्या मर्यादेच्या आत होता, आणि खाली सही माझी होती. दादाला झालं ते त्या उंचवट्यामुळेच, असं मी म्हणणार नाही. घोड्याचं प्रथिन मुळातच परकं, शिवाय जिवाणूंचे अवशेष असू शकतात, सलाईनचा वेग असतो. पण गोळे शरीराला जास्त खुपतात एवढं तर पक्कं. एकएकट्या प्रतिपिंडाकडे शरीर दुर्लक्ष करील, गठ्ठ्यानं आलेल्यांकडे नाही करत. त्या महिन्यापासून मर्यादा खाली आणा म्हणून मी बैठकीत बोलू लागले. ती खाली यायला सहा वर्षं लागली.

आकारानं सगळं कळतं असं मात्र नाही. माझा सुळका कितीही सरळ असला तरी तो प्रतिपिंड गडचिरोलीच्या घोणशीला पकडतो की नाही, हे नळी सांगत नाही. देशभरच्या औषधासाठीचं बहुतेक विष तमिळनाडूच्या इरुला लोकांच्या सहकारी संस्थेतून येतं. ही संस्था १९७८ मधली, फार चांगलं काम करणारी. पण विष प्रदेशागणिक बदलतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या चमूनं गेल्या काही वर्षांत हेच दाखवून दिलंय, की काही भागांतल्या सापांवर नेहमीची बाटली कमी पडते. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली असा २०२० मधला एक अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार.

निवृत्तीच्या आधीची काही वर्षं नव्या जातीच्या प्रतिपिंडांची होती. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्याचे प्रतिपिंड काढायची युक्ती शोधली. मग घोडा गेला, पिंपातल्या पेशी आल्या. कुत्रा चावल्यावर द्यायचा असा एक प्रतिपिंड पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संस्थेबरोबर तयार केला, २०१६ मध्ये त्याला परवानगी मिळाली. असल्या औषधाचा कागद पाहिला की मला हेवा वाटायचा. रेघ, सुळका, रेघ. उंचवटा शोधायला भिंग घ्यावं. नवी मुलं त्यावर शिवाय प्रकाश पांगवून वजन काढतात, केसासारख्या नळीत वीज सोडून तपासतात, आणि ते योग्यच, कारण एकाच पद्धतीवर विश्वास ठेवला की काय होतं ते मी १९९० मध्ये पाहिलंय. घोड्याच्या सीरमचा कागद तसा कधीच येणार नाही. पण आमच्या बांधीत उतरते ती अजून घोड्याचीच बाटली.

आता मी गावातच असते. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या पोराला हाताला साप चावला, मी सोबत आरोग्य केंद्रात गेले. बाटलीत औषध कोरड्या पांढऱ्या वडीच्या रूपात असतं. वाळवलेलं असतं म्हणूनच वीज नसलेल्या गावातही ते टिकतं. त्यात पाणी घालून विरघळवावं लागतं. तिथेच सगळ्यांची घाई होते. बाटली खसाखसा हलवली की फेस येतो, आणि फेसाच्या प्रत्येक बुडबुड्याच्या कडेला प्रतिपिंड उलगडून एकमेकांना चिकटतात. आम्ही महिनाभर खपून सपाट केलेला उंचवटा अर्ध्या मिनिटात पुन्हा उभा.

नर्स पंचविशीची असेल. पोराचा बाप ओरडत होता, "हालवा ना जी लवकर, हालवा!" तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. बाटली दोन्ही तळव्यांत धरली आणि रवी फिरवावी तशी सावकाश फिरवत राहिली. मग दुसरी. मग तिसरी, चौथी. मी भिंतीला टेकून उभी होते. एकेक बाटली ती ट्यूबलाइटसमोर धरायची, तिरकी करायची, पुन्हा धरायची. मी मागून वाकून पाहिलं. पाणी स्वच्छ होतं, वर फेसाची कडही नव्हती.